कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायचंय? पहिल्या चौकशीपासून पहिल्या सोअरिंगपर्यंत

नवख्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती दिवसांत उडता येईल?" प्रशिक्षक रेडिओवर बोलत असताना छोट्या टेकडीवरून खाली तरंगत येणं बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमतं. आज उडायचं की नाही, कुठून, कधी उतरायचं, हे स्वतःचं स्वतः ठरवायला मात्र अख्खा हंगाम जातो. खालच्या पायऱ्या मावळातल्या, म्हणजे कामशेत-पवना भागातल्या उड्डाणांना धरून लिहिल्या आहेत. पाचगणीला किंवा हिमाचलात बीर-बिलिंगला शिकणार असाल तर वाऱ्याचा भाग बदलेल, बाकी सगळं तसंच राहील.

१. सफर हवी की शिक्षण, ते आधी ठरवा

टँडम म्हणजे पायलटच्या पुढे बांधून घेऊन केलेली सफर. दहा-पंधरा मिनिटं मजा येते, फोटो मिळतात, पण ती कोर्सची पायरी नाही. टँडम पाच वेळा केलं तरी विंग, म्हणजे हवेनं फुगणारा कापडी पंख, उचलता येत नाही. उंची सोसते का, पोटात ढवळतं का, हे पाहायला एकदा करायला हरकत नाही.

शिकायचं असेल तर कोर्स पी-१, पी-२, पी-३ अशा टप्प्यांत असतो. पी-१ मध्ये विंग हाताळणं आणि छोट्या टेकडीवरून सरळ उड्डाण. पी-२ मध्ये वळणं, ठरल्या जागी उतरणं आणि रिजवर (डोंगराच्या धारेवर) तरंगत राहणं, म्हणजे सोअरिंग. पी-३ नंतर प्रशिक्षकाशिवाय, पण ओळखीच्या जागी आणि जाणत्या पायलटांच्या सोबतीनं उडण्याइतकी तयारी अपेक्षित असते. पी-१ आणि पी-२ मिळून आठवडाभर धरा, आणि वर दोन दिवस वाऱ्याच्या लहरीसाठी हाताशी ठेवा. सोमवारी ऑफिसला पोचायचंच असं ठरवून आलेला माणूस रविवारी संध्याकाळी नको त्या वाऱ्यात उडायला तयार होतो.

२. हंगाम आणि दिवसाची वेळ

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात उड्डाण बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नवख्यांसाठी उत्तम: सकाळी पूर्वेकडून हलका वारा, दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे घाट चढून पश्चिमेकडून लागतात. म्हणून सकाळची टेकडी आणि संध्याकाळची टेकडी वेगळी असते. टॉवर हिल, शेलार, शिंदेवाडी ही नावं कानावर पडतील. कुठली टेकडी कुठल्या वाऱ्यात चालते, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या.

मार्चनंतर दुपारी कातळ आणि काळी शेतं तापून थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, जोरात सुटतात. शिकाऊ माणसानं साधारण अकरा ते चार या वेळात जमिनीवरच राहायचं. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग हा वेगळाच धोका आहे. ढग लांब दिसतो, आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असतं, आणि ढगातून खाली आपटलेली थंड हवा पावसाच्या कितीतरी आधी, काही किलोमीटर पुढे येऊन धडकते. फुलकोबीसारखा वर चढणारा ढग दिसला की विंग घडी करून पिशवीत.

३. क्लब निवडताना काय विचारायचं

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागा. मागितल्यावर कपाळाला आठ्या पडल्या तर दुसरीकडे बघा. शिवाय एवढं विचाराच:

- एका प्रशिक्षकाकडे किती शिकाऊ? टेकऑफला एक आणि लँडिंगला एक असे दोन प्रशिक्षक रेडिओवर असतात का?
- शिकाऊंच्या विंग ईएन-ए (युरोपीय मानकातल्या सर्वांत सौम्य) वर्गातल्या आहेत का? शेवटची तपासणी कधी झाली?
- रिझर्व्ह (आणीबाणीचं) पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी केलं?
- वाऱ्यामुळे दिवस वाया गेला तर तो पुढे भरून देतात की नाही?
- जवळचं हाडांचं हॉस्पिटल कुठलं, आणि अपघात झाल्यास गाडी कुठे उभी असते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अडखळता न देता आलं पाहिजे. आणखी एक: पुण्याचं लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ आहे, लोणावळ्याला नौदलाची संस्था आहे. कुठल्या दिशेला आणि किती उंचीपर्यंत जायचं हे क्लबाकडून नीट समजून घ्या, फोनमधल्या अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका.

४. कागदपत्रं आणि पिशवीत काय

कागद: ओळखपत्र, वयाचा पुरावा, फोटो, रक्तगट, घरच्या दोघांचे फोन नंबर, आरोग्याचं स्वयंघोषणापत्र. १८ वर्षांखालच्यांना पालकांची लेखी संमती. पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं, फिट्स, दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि प्रशिक्षकालाही सांगा, लपवू नका. जोखीमपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. विमा असेल तर पॉलिसीतली 'वगळलेल्या बाबी' ही यादी उघडा. साहसी खेळ तिथे हमखास सापडतात.

वस्तू: घोट्याच्या वर येणारे बूट. पण हुकवाले नकोत, हुकात दोऱ्या अडकतात. पूर्ण बाह्या, जाड पँट, पातळ हातमोजे, दोन लिटर पाणी, टोपी. हेल्मेट क्लब देतो. स्वतःचं घेणार असाल तर हवाई खेळांसाठीचं ईएन ९६६ मानकाचं घ्या, मोटरसायकलचं चालत नाही: जड असतं आणि कान झाकल्यामुळे वारा ऐकू येत नाही.

पुण्याहून लोणावळा लोकलनं कामशेत. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरायची. दुपारी या लोकल फार कमी असतात, वेळापत्रक आधीच पाहून ठेवा.

५. वजनाचा हिशेब

विंगचा आकार उंचीवर नाही, हवेतल्या एकूण वजनावर ठरतो. समजा तुम्ही ६८ किलोचे. कपडे-बूट २, हार्नेस (पट्ट्यांनी अंगावर बांधायची सीट) साडेचार, विंग ५, रिझर्व्ह पावणेदोन, हेल्मेट-रेडिओ-पाणी २. एकूण साधारण ८३. म्हणजे ७५ ते ९५ किलोची विंग योग्य. वजन कमी सांगण्याची हौस इथे महागात पडते. आपल्याला मोठी असलेली विंग वारा वाढला की पुढे सरकत नाही आणि सैल राहून सहज चुरगळते. लहान विंग जोरात उडते, जोरात उतरते आणि ब्रेकला (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या, हातातल्या दोऱ्यांना) तिखट उत्तर देते.

रिझर्व्हवर लिहिलेली कमाल मर्यादा या एकूण वजनापेक्षा जास्त असलीच पाहिजे. मर्यादेच्या आत असतानाही तो सेकंदाला सुमारे साडेपाच मीटरपर्यंत वेगानं खाली आणू शकतो. त्याहून जड असाल तर पाय मोडायची तयारी ठेवा.

६. मैदानावरचे तास: इथे कंजुषी नको

टेकडीवर जायच्या आधी आणि नंतरही, सपाट मैदानावर विंग डोक्यावर उभी धरून ठेवण्याचा सराव म्हणजे ग्राउंड हँडलिंग. पहिल्या महिन्यात १० ते १५ तास तरी करा. कंटाळवाणं वाटतं, घाम निघतो, फोटो वाईट येतात. पण नवख्यांच्या जखमा मुख्यतः टेकऑफला आणि लँडिंगला होतात, आणि टेकऑफच्या चुका इथेच सुटतात.

जागा: भातकापणीनंतरची खाचरं मोकळी दिसतात, पण बांध आणि धसकट दोन्ही पाहा. मालकाला विचारल्याशिवाय पाऊल नको. बाभळीचा एक काटा कापड फाडायला पुरतो. सुकलेल्या गवताची कुसळं दोऱ्यांत आणि कापडात घुसतात, ती रोजच्या रोज काढा. विंगमध्ये नाकतोडा अडकून राहिला तर घडीतून कापड कुरतडून बाहेर येतो, म्हणून घडी करण्याआधी मागची कड उचलून पुढची तोंडं खाली करा आणि झटका.

क्रम असा:

विंग वाऱ्याकडे तोंड करून नाही, वाऱ्याला पाठ करून पसरा. मागची कड तुमच्याकडे, वरचा भाग जमिनीला टेकलेला, आकार घोड्याच्या नालासारखा. मधला भाग आधी उचलला जावा म्हणून ही गोलाई. सरळ पट्टीसारखी पसरली तर टोकं आधी वर येतात आणि विंग मधे दुमडते.

दोऱ्या एकेक मोकळ्या करा: ए (सर्वांत पुढच्या), बी, मग मागच्या, शेवटी ब्रेक. काडी अडकलेली असेल तर ती आत्ताच दिसते.

वारा ताशी १० किमीच्या आसपास असेल तर विंगकडे तोंड करून, ए राइझर (ए दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) धरून, मागे पावलं टाकत उचला. हातानं ओढू नका, अंगाच्या वजनानं मागे व्हा. विंग डोक्यावर आली की ए सोडा आणि ब्रेकनं थोपवा.

ती डावीकडे कलली तर तुम्हीही डावीकडे पळा, तिच्या खाली जा. सगळ्यांचा हात आधी ब्रेककडे जातो. आधी पाय, मग ब्रेक.

विंगकडे तोंड करताना ज्या बाजूनं वळलात, पुढे होताना त्याच्या उलट बाजूनं वळायचं. कायम एकच बाजू पाळा. उलटसुलट केलं तर राइझरना पीळ पडलेला असतानाच पाय सुटतात.

वारा ओढायला लागला तर दोन्ही मागचे राइझर जोरात खेचा आणि विंगच्या दिशेनं पळा. रेटून उभं राहून उपयोग नाही: वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

७. उडण्याआधीची तपासणी

तोंडानं मोठ्यानं म्हणत करा, बोट लावत करा:

१. हेल्मेट बांधलं, दोन्ही पायांचे पट्टे, छातीचा पट्टा.
२. रिझर्व्हची पिन जागेवर, मूठ हाताला लागते.
३. कॅराबिनर (राइझर अडकवायच्या कड्या) बंद, राइझर सरळ, ए राइझर वर, ब्रेक मोकळे.
४. विंग गोलाईत, दोऱ्या मोकळ्या.
५. वारा समोरून, आणि किती.
६. आकाश मोकळं: समोर, वर आणि मागेही.

मधेच कोणी हाक मारली, फोन वाजला, कुणी फोटोसाठी थांबवलं, तर परत पहिल्यापासून. पायांचे पट्टे विसरून उडालेला माणूस काखेत लटकतो आणि त्याला हार्नेसमध्ये परत बसता येत नाही. या चुकीनं अनुभवी माणसंही गेली आहेत. म्हणून हार्नेस अंगावर चढला की सगळ्यात आधी पायांचे पट्टे.

८. वारा वाचणं आणि टेकऑफ

टेकडीवर पोचल्यावर वीस मिनिटं काहीही उघडू नका. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा, वाऱ्याचा मीटर असेल तर दर मिनिटाला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लिहा. शिकाऊसाठी ताशी ८ ते १८ किमी हा पट्टा ठीक. झोत आणि सरासरी यांत ८-१० किमीपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा, सरासरी कितीही गोड दिसली तरी. वारा टेकडीला तिरका, ३० अंशांपेक्षा जास्त लागत असेल तरी थांबा. वारा टेकडीच्या मागून येत असेल तर पुढच्या उतारावर रोटर, म्हणजे हवेचे भोवरे, तयार होतात: विंडसॉक कधी कधी समोरून असल्यासारखा दिसतो, पण सारखी दिशा बदलत राहतो.

हलक्या वाऱ्यात पुढे तोंड करून पळत टेकऑफ. हात मागे, ए राइझर हातांत, छाती पुढे, पहिली चार पावलं दमदार. विंग डोक्यावर आली आणि ओढ कमी झाली की वर बघा. पूर्ण उघडली आहे? दोऱ्या सुट्या आहेत? नाही म्हणायची हीच शेवटची जागा, दोन्ही ब्रेक पूर्ण ओढा आणि थांबा. हो असेल तर वेग वाढवा.

मोठी चूक म्हणजे उडी मारणं किंवा लवकर बसणं. उडी मारली की दोऱ्या क्षणभर सैल होतात, विंग वजन सोडते, आणि तुम्ही बसलेल्या अवस्थेत दगडांवर येता. पाय जमिनीवरून सुटल्यावरही चार पावलं हवेत पळा. बसायचं नंतर, टेकडीपासून लांब गेल्यावर.

९. पहिली उड्डाणं

ब्रेक खांद्याच्या पातळीला, हात शांत. शिकाऊ विंगचा हवेतला वेग ताशी ३५ ते ३८ किमी असतो. शांत हवेत १०० मीटर उंचीवरून ती साधारण ८०० मीटर पुढे जाते. ताशी १८ किमीचा वारा समोरून असेल तर जमिनीच्या हिशेबात वेग निम्मा होतो, म्हणजे पोच ४०० मीटर. हा हिशेब न केल्यामुळे माणसं विजेच्या तारांपर्यंत पोचतात. तारा हवेतून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहेच, असं धरायचं.

वळताना आधी मान वळवा, मग वजन त्या कुल्ल्यावर, मग ब्रेक. विंगची एक बाजू दुमडली तर आधी दिशा सांभाळा: वजन उघड्या बाजूला, थोडा ब्रेक त्याच बाजूला, मग दुमडलेली बाजू हळू उघडा. घाबरून दोन्ही ब्रेक खाली खेचणं म्हणजे चालती विंग बंद करणं.

१०. उतरणं

उतरायची जागा टेकऑफच्या आधी पायी जाऊन पाहा. खाचरांचे बांध, विहीर, हरभऱ्याचं किंवा गव्हाचं उभं पीक, चरणारी गुरं. उभ्या पिकात उतरू नका. एकाच्या चुकीमुळे अख्ख्या क्लबाचं लँडिंग बंद होतं, आणि शेतकऱ्याचं बरोबरच असतं.

उतरण्याच्या जागेच्या वाऱ्याकडच्या टोकाशी नव्हे, वाऱ्याखालच्या बाजूला उंची घालवा, आठच्या आकड्यासारखी वळणं घेत, तोंड कायम जागेकडे. पाय ३० मीटरवरच सीटमधून बाहेर काढा. १५ मीटरच्या खाली वळण नाही, वाऱ्यात तोंड करून सरळ. जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर दोन्ही ब्रेक एकसारखे पूर्ण खाली.

लवकर ब्रेक ओढला असेल तर हात एकदम वर सोडू नका. विंग पुढे झेपावते आणि तुम्ही झोपाळ्यासारखे पाठीवर येता. जिथे आहेत तिथे हात धरा, मग जमीन जवळ आली की उरलेला ब्रेक. वेग जास्त वाटला तर पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून कुशीवर लोळा. एक पाय पुढे टाकून उभं राहायच्या अट्टहासात घोटे जातात.

११. सोअरिंगमधले वाहतुकीचे नियम

टेकडी ज्याच्या उजव्या हाताला, त्याचा हक्क पहिला. डाव्या हाताला असलेल्यानं बाहेर सरकायचं. वळण नेहमी टेकडीपासून बाहेरच्या बाजूला. मोकळ्या हवेत समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे. थर्मलमध्ये आधी शिरलेला ज्या दिशेनं फिरतो, नंतरच्यानंही त्याच दिशेनं. घारी फिरताना दिसल्या की तिथे हवा वर जाते हे खरं, पण घारीला रिझर्व्ह लागत नाही. पहिल्या हंगामात त्यांच्या मागे टेकडीच्या पाठीमागे जाऊ नका.

१२. क्लबात तुमचं काम

नव्या सभासदानं फी भरली की संपलं, असं नसतं. लँडिंगला रेडिओ सांभाळणं, विंडसॉक लावणं-काढणं, टेकऑफवर दुसऱ्याच्या दोऱ्या पाहणं, उतरलेल्यांना गाडीतून आणणं, ही कामं आळीपाळीनं येतात. टाळू नका: दुसऱ्याची ३० टेकऑफ लक्ष देऊन पाहिलेला माणूस लवकर शिकतो. पाऊस संपल्यावर, हंगामाच्या तोंडावर रिझर्व्ह उघडून हवेशीर ठेवून पुन्हा घडी करण्याची संध्याकाळ असते. दमट महिने पिशवीत काढलेलं कापड चिकटतं. घडी अनुभवी माणसाच्या हाताखालीच शिका.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, जागा, वारा, विंग, मिनिटं, चूक. 'चूक' हा रकाना रिकामा सोडू नका.

१३. स्वतःची विंग कधी आणि कशी

पी-२ झाल्याशिवाय काही विकत घेऊ नका. त्यानंतर ईएन-ए, फार तर सौम्य ईएन-बी. सी आणि डी वर्ग स्वस्तात मिळाला तरी नको.

जुनी विंग घेताना विक्रेत्याच्या तोंडी तासांवर विश्वास नको. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी किंवा १०० तासांनी, जे आधी होईल तेव्हा, तपासणी सांगतात. तिचा कागद मागा: कापडातून हवा किती झिरपते आणि दोऱ्यांची लांबी किती बदलली, दोन्ही आकडे हवेत. साधारण ३०० तासांच्या पुढे गेलेल्या कापडाला उन्हानं खाल्लेलं असतं, रंग फिका आणि हाताला मऊ, पातळ लागतं. कोऱ्या कापडासारखा करकरीत आवाज येत नाही. वजनाचा पट्टा स्वतः वाचा, तो विंगच्या मधल्या भागात आत छापलेला असतो. आणि पैसे देण्याआधी क्लबातल्या जाणत्याला तासभर मैदानावर ती उचलून पाहू द्या. डोक्यावर यायला आळस करणारी, मागेच लटकणारी विंग कितीही स्वस्त असली तरी परत करा.